श्रीखंडाच्या डब्यातली काडतुसं

काकांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: दाबल्यावर उडणारी आणि दाबूनही न उडणारी. चांगलं कोण आणि वाईट कोण ते देवाने बघावं, त्याला भरपूर वेळ असतो, असं ते म्हणत. आपण फक्त रिलायबिलिटी बघायची. हवामानाचा अंदाज, हॉर्नबी उपनगराची बस, मराठी मंडळाचे अध्यक्ष, गणपतीत पूजा सांगणारे आमचे हौशी गुरुजी आणि स्वतःचा जावई या सगळ्यांना त्यांनी ही एकच फुटपट्टी लावली होती आणि बहुतेकांना नापास केलं होतं. जावयाचा निकाल तर जावयाच्या देखत लागला होता. "काडतुसांचं मॅगझिन गच्च भरलंय हो त्याचं," काका म्हणाले होते, "पण वर काही सरकत नाही."

काका आता नाहीत. टौरंगाला लेकीच्या घरी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. म्हणून आता हे सांगायला हरकत नाही. शिवाय ज्यांच्यापासून ही गोष्ट त्यांनी लपवली त्या क्लबातल्या कुणाला मराठी वाचता येत नाही, ही एक मोठीच सोय आहे.

क्लब म्हणजे पिस्तुलांचा. ऑफिसातल्या एका गोऱ्या मित्राने मला तिथे ओढून नेलं, तेव्हा हे असलं काही करणारा ख्राइस्टचर्चमधला मी पहिलाच मराठी माणूस असणार अशा मस्तीत मी होतो. शहराबाहेर, मेंढ्यांच्या कुरणापलीकडे, पाइनच्या उंच कुंपणाआड एक पत्र्याची शेड. कडाक्याची थंडी. आणि नेम धरायच्या रांगेत सगळ्यात शेवटी एक ठेंगणा माणूस, डोक्याला तपकिरी माकडटोपी, तिच्यावर कानांचे मोठे लाल मफ, हातात सहा खणांचं रिव्हॉल्व्हर. त्याने गोल लक्ष्याला आधी दोन्ही हात जोडून नमस्कार केला, मग सहा गोळ्या झाडल्या, आणि मागे वळून मला म्हणाला, "पुण्याचा ना तू? तोंडावर लिहिलंय."

हेच काका. माझी मस्ती तिथेच संपली.

या देशात पिस्तूल बाळगणं म्हणजे सासुरवास आहे. ते क्लबाबाहेर झाडायचं नाही, घरी लोखंडी कपाटात कोंडायचं, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि वर्षातून ठरलेल्या वेळा क्लबात हजेरी लावायची. हजेरी चुकली की परवाना गेला आणि परवान्यामागे पिस्तूल. त्यात मशिदींतल्या गोळीबाराच्या त्या मार्चनंतर आमच्या शहरात बंदूक हा शब्दच हळू आवाजात उच्चारला जातो. क्लबातले लोकसुद्धा सुपरमार्केटात भेटले तर हवापाण्याचं बोलतात. काका मात्र भाजीच्या रांगेतही रिलायबिलिटीवर बोलायचे, आणि मी भेंडी बघितल्यासारखं करायचो.

क्लबाचा खरा कार्यक्रम नेमबाजी संपल्यावर सुरू व्हायचा. बार्बेक्यूवर सॉसेज तडतडायचे, कागदी पेल्यांत पाणचट कॉफी यायची आणि मंडळी आपापल्या हत्यारांची बढाई मारायला बसायची. कुणाचं किती वर्षांत एकदाही अडकलं नाही, कुणाचं चिखलात पडून उचलल्यावरही चाललं, कुणाचं नव्या स्प्रिंगपासून बिनसलंय. लेकुरवाळ्या बायका मुलांच्या दातांबद्दल बोलतात त्या सुरात. रेंजचा सगळा कारभार बॅरी बघायचा. म्हातारा, लांबडा, पूर्वी मेंढ्यांची लोकर कातरायचा. त्याचं नऊ एमएमचं ऑटो पिस्तूल, एक गोळी उडाली की पुढची आपोआप वर सरकणारं, म्हणजे सगळ्या क्लबाचा अभिमान. काका त्या पिस्तुलाकडे मुलगी बघायला आल्यासारखे बघत आणि नाक मुरडत.

"ऑटो म्हणजे एकत्र कुटुंब," ते मला मराठीत म्हणायचे आणि मग बॅरीला कळावं म्हणून तेच इंग्रजीत, मराठी वाक्यरचनेत. "एकाने रुसवा धरला की सगळं घर ठप्प. रिव्हॉल्व्हर म्हणजे चाळ. एका खोलीतला वारला, तर पुढची खोली उघड."

बॅरी शांतपणे विचारायचा, "आणि संडास कॉमन असतो त्याचं काय?" काकांनी त्याला चाळ इतकी तपशीलवार समजावली होती.

एका खंडेनवमीला काकांनी क्लबात शस्त्रपूजा घातली. बॅरीने सगळी हत्यारं रिकामी असल्याची दोनदा खात्री करून परवानगी दिली. आमच्याकडे ऑक्टोबरात वसंत असतो, झेंडू कुठला? काकांनी कोव्हाय नावाच्या इथल्या झाडाची पिवळी फुलं आणली. टेबलावर टॉवेल पसरून पिस्तुलं मांडली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. लोकर कातरणारे, ट्रक चालवणारे, दात काढणारे असे सगळे गोरे टोप्या काढून उभे. प्रसादाच्या पेढ्यांबद्दल सगळ्यांचं फार चांगलं मत झालं. मग स्पर्धा सुरू झाली आणि बॅरीचं पिस्तूल, जे चिखलातही अडकलं नव्हतं, पहिल्याच गोळीला अडकलं. उघडून बघितलं तर आत हळदीने माखलेला तांदळाचा एक दाणा. काकांच्या रिव्हॉल्व्हरमध्येही दाणे होतेच, पण ते खुळखुळत बाहेर पडले. काका त्या दिवशी वर्ल्डकप जिंकल्यासारखे फिरले. "देवानेच निकाल दिला," असं ते महिनाभर सांगत होते. बॅरीने तो दाणा कोटाच्या खिशात ठेवला आणि पुढे क्लबात कुणीही कशाचीही फार बढाई मारली की तो काढून टेबलावर ठेवायचा.

पण काकांचा खरा अभिमान रिव्हॉल्व्हर नव्हतं. तो श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असायचा.

आमच्यातले बरेचजण काडतुसं घरीच भरतात. पितळेची रिकामी नळी, तिच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी, पोटात चिमूटभर दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. झाडल्यावर नळी उरते, ती परत भरायची. काकांची काडतुसं काकू भरायच्या. पूर्वी काका स्वतः भरत, पण ते भरताना बोलत. काकूंनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाल्या, "सरका. बोलत बोलत भरायची वस्तू नाही ही." काकू पुण्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट होत्या. बाकीचे लोक दारू मापाने ओतत; काकू प्रत्येक काडतुसाची दारू छोट्या तराजूवर वजन करून घालत. संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून त्या बसायच्या, समोर काका, रेडिओ बंद, बोलणं बंद. त्यांच्या लग्नाला एवढी वर्षं झाली होती आणि काका सलग तासभर गप्प बसलेत असं दृश्य तिथे सोडून कुठेच बघायला मिळालं नसतं.

काकू रेंजवर एकदाच आल्या. गाडीच्या काचा लावून आत विणत बसल्या. मी बोलवायला गेलो, तर काच दोन बोटं खाली करून म्हणाल्या, "मला आवाज सहन होत नाही रे. माझं काम भरायचं. फोडायचं काम यांचं, त्यांना आवड आहे."

त्या काळात दर फेरीनंतर काका रिव्हॉल्व्हर उघडून रिकाम्या नळ्या तळहातावर घेत आणि मोदकांसारख्या ओळीने टेबलावर मांडत. "बघा. काय फोडणी बसलीये. एक तरी मुकी निघाली का आजवर?" मग नव्या आलेल्यांना धडा. काडतूस दोन तऱ्हांनी दगा देतं. मुकं काडतूस दाबल्यावर गप्प राहतं. ते बरं, थांबायचं आणि काढून टाकायचं. पण फुसकं काडतूस वाईट. त्यात दारू नसते, नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी निघते आणि पिस्तुलाच्या नळीत अर्ध्यावर अडकून बसते. आवाज होतो तो फुस्स, टायरमधली हवा गेल्यासारखा. तिथे थांबायचं. घाईत पुढची गोळी मारली तर पुढे नळी बंद, मागून स्फोट, आणि हात जातो. "म्हणून दुसऱ्याने भरलेलं काडतूस आणि दुसऱ्याने चघळलेलं पान," काका शेवटी म्हणत, "कितीही प्रेमाने दिलं तरी घेऊ नये." हे क्लबाचंही मत होतं, फक्त त्यांच्याकडे पानाची उपमा नव्हती.

उरलेल्या काडतुसांवर तर तासन्तास वाद चालायचे. कुणाला मेलेल्या चुलत्याच्या शेडमध्ये गंजका खोका सापडलेला असायचा, कुणी दोन निरनिराळ्या खोक्यांतली एकत्र केलेली असायची. उडवावीत की नाही? काकांचं म्हणणं होतं की ताटात टाकू नये हे खरं, पण शिळं पाहुण्याला वाढू नये हेही खरं, आणि पिस्तूल हा पाहुणा.

मग काकू विसरायला लागल्या.

आमचा समाज छोटा, बातमी झाकली जात नाही. काकू मॉलच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याच बाईच्या गाडीत जाऊन बसल्या, पट्टा लावला आणि तिला घरचा पत्ता सांगू लागल्या. ती बाई बिचारी त्यांना घरी सोडून गेली. काकांनी हा किस्सा मंडळात इतका रंगवून सांगितला की लोक पोट धरून हसले. आणि हसता हसता बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पुढच्या दिवाळीला काकूंनी मला विचारलं, "तू कुणाचा रे?" मी आईचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो का? बरी आहे का ती?" आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि तिच्या तेराव्याला काकूंनीच माझ्या घरी स्वयंपाक केला होता. मी म्हटलं बरी आहे.

क्लबात काका त्यावर चकार शब्द काढत नसत. फक्त त्यांच्या वागण्यात काही बारीक फरक पडले, आणि मला वाटलं की ते खचल्यामुळे असेल. ते आल्यावर बराच वेळ गाडीतच बसायचे, मांडीवर काहीतरी खुडबुड करत. रिव्हॉल्व्हर उघडून नळ्या तळहातावर घ्यायचे, त्या थेट कोटाच्या खिशात जायच्या. टेबलावर मांडणं बंद झालं. बढाई मात्र पूर्वीपेक्षा जोरात. डबा उघडला की, "घरचं आहे, घरचं!" मंडईत आंबे विकावेत तसं.

पुढच्या जूनमध्ये न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या.

काकांनी त्यानंतर वर्षभर हजेरी कशीबशी भरली. उजवा खांदा आखडला होता. मग लेकीने, केतकीने, टौरंगाला न्यायचं ठरवलं. ती तिकडे बंदरावर इंजिनिअर आहे. घर मोठं, दारापासून समुद्र जवळ, पण एक अट: पिस्तूल घरात येणार नाही, मुलं आहेत. काकांनी आश्चर्यकारक शांतपणे मान्य केलं. रिव्हॉल्व्हर बॅरीने विकत घ्यायचं ठरलं, कागदपत्रं झाली. राहता राहिली घरी भरलेली काडतुसं. ती विकता येत नाहीत, देता येत नाहीत, आणि दुसऱ्याचं पान कुणी चघळत नाही.

"किती आहेत?" बॅरीने विचारलं.

"हीप्स," काका म्हणाले, म्हणजे ढिगाने.

बॅरीने साधा उपाय सांगितला. डबे त्याच्याकडे द्यायचे, शनिवारी तो आणि आणखी दोघंतिघं शेडमध्ये बसून एकेक काडतूस उघडून मोडून टाकतील. काकांनी पेला टेबलावर असा आपटला की कॉफी सॉसेजवर सांडली. "नो," ते म्हणाले. आणि पुन्हा एकदा, "नो."

मी त्यांच्यामागून गाडीपर्यंत गेलो. ते किल्ली शोधत होते, मिळत नव्हती, हातातच होती.

"तिच्या हातचं काडतूस कुणी उघडायचं नाही," ते म्हणाले. "उघडून आत बघायचं नाही. ऐकलंस?"

"पण काका, तुम्हालाच ती झाडून संपवता येतील की. अजून महिना आहे."

त्यांना हातातली किल्ली सापडली. मग म्हणाले, "शनिवारी सकाळी ये. मला हा खांदा घेऊन हातोडा मारता येत नाही."

हॉर्नबीला त्यांचं घर गोदामांच्या रस्त्याला लागून. शनिवारी पोचलो तेव्हा गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं, पुढच्या हिरवळीवर दहिवर तसंच होतं आणि बाहेरून ट्रक जात होते. काकांनी लोखंडी कपाट उघडलं. आत श्रीखंडाच्या डब्यांची उतरंड. आम्रखंड, केशर, साधं. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि काकूंच्या अक्षरात महिना. वर्षभराच्या वरचा माल होता, आणि एकाही डब्याला हात लागलेला नव्हता.

"मग तुम्ही रेंजवर काय झाडत होतात?" मी विचारलं.

"दुकानातली," काका म्हणाले.

त्यांनी ते उभ्या उभ्या सांगितलं, चष्मा पुसत. एका रविवारी रेंजवर तिसऱ्या गोळीला आवाज आला, फुस्स. वाऱ्याचा दिवस होता, कुणाचं लक्ष गेलं नसावं. त्यांनी रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं, खांदा दुखतोय म्हणून सांगितलं आणि घरी आले. गॅरेजमध्ये सळई घालून रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकलेली गोळी ठोकून काढली. आणखी एकदा चाप ओढला असता तर ते मला हे सांगायला उरले असते की नाही, किंवा निदान त्या हाताने चष्मा पुसायला, कोण जाणे. काकू आत होत्या. जेवायला बसल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, सगळ्या उडाल्या का. काका हो म्हणाले.

"सांगायचं होतं काका. बंद करायचं होतं तिथेच."

"आणि मग संध्याकाळी काय करायचं तिने?" त्यांचा आवाज चढला. "तुला काय माहीत? दिवसभर ती मला विचारायची, मी कुठे आहे, तुम्ही कोण. मला. पण टेबल पुसलं, तराजू ठेवला की हात चालायला लागायचे. तासभर ती माझी बायको असायची रे. मी समोर बसून बघायचो. तेवढ्यासाठी मला नळ्या लागायच्या रिकाम्या. नळ्या हव्यात तर झाडायला हवं, झाडायचं तर परवाना टिकायला हवा."

म्हणून ते दर रविवारी दुकानातली काडतुसं घेऊन यायचे, गाडीत बसून श्रीखंडाच्या डब्यात ओतायचे, आमच्यासमोर घरची म्हणून झाडायचे आणि नळ्या खिशात घालून तिच्यासाठी न्यायचे. ती भरायची. ते कपाटात ठेवायचे. आमच्या सगळ्यांच्या पुढ्यात वर्षभर हा प्रयोग चालला होता, आणि मी, ज्याला स्वतःच्या निरीक्षणाचा एवढा गर्व, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो.

"बॅरीने उघडली असती तर त्याला दिसलं असतं," काका म्हणाले. "क्लबात तिचं नाव आहे. ते नाव मी केलंय, बोंबलून बोंबलून. ते मला असं जाऊ द्यायचं नाहीये."

काडतूस मोडायला प्लॅस्टिकचा एक पोकळ हातोडा मिळतो. त्याच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि हातोडा लाकडावर आपटायचा. दोनतीन ठोक्यांत गोळी निखळते आणि दारू आत सांडते. मी ठोकत होतो. काका निघालेली दारू तराजूच्या पितळी पारड्यात ओतत, वजन करत आणि मग बशीत टाकत. वजन कशाला करता, फेकूनच द्यायचीय ना, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ठोकत राहिलो.

जुना डबा आधी. पहिली सगळी उत्तम. काका मान हलवत होते, मोठ्या गवयाच्या मैफलीत बसल्यासारखी. मग एक रिकामं निघालं. मग पुन्हा चांगली. मग एकात दुप्पट दारू, जी उडवली असती तर रिव्हॉल्व्हरचे तुकडे झाले असते. काकांनी ती दारू वेगळ्या बशीत ठेवली. उन्हाळ्यातल्या महिन्यांचा डबा उघडला आणि चौथ्या-पाचव्या काडतुसातून जे पारड्यात पडलं ते मला आधी दारूच वाटलं. काळपट, बारीक, दाणेदार. काकांनी ते बोटावर घेतलं, चष्मा वर केला आणि नाकाशी नेलं.

"चहा आहे," ते म्हणाले.

आमच्याकडे इंडियन दुकानात मिळते ती दाणेदार चहा पावडर. पुढचंही तेच. त्याच्या पुढचंही. उरलेला सगळा डबा चहाचा.

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, घशापर्यंत आलं. आणि काकांकडे बघितलं तर तेही हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. मग ते थांबले आणि पारडं माझ्यापुढे सरकवलं.

"वजन बघ."

मी बघितलं. काटा दारूला हवा तिथेच होता. दुसरं टाकलं, तिथेच. तिसरं, तिथेच. कशाने भरायचं ते त्या बाईच्या डोक्यातून पार गेलं होतं, पण मोजल्याशिवाय एक चिमूट तिने आत जाऊ दिली नव्हती.

तेवढ्यात दारातून बॅरीचे पाय दिसले. तो वाकून आत आला. रिव्हॉल्व्हर न्यायला तो दुपारी येणार होता, पण बायकोला कुठेतरी सोडायचं होतं म्हणून लवकर आला. टेबलावर सगळं उघडं: हातोडा, नळ्या, बशा, आणि शिशाच्या गोळ्या, ज्यांच्या बुडाला चहाचे दाणे चिकटले होते. काकांनी दोन्ही हात पारड्यावर असे धरले जसे वाऱ्यात निरांजनावर धरतात.

"टी," काका म्हणाले. "मेकिंग टी. इंडियन मेथड."

बॅरीने एक गोळी उचलली, उलटी केली, अंगठ्याने बूड पुसलं. चाळीस-पन्नास वर्षं काडतुसं भरलेला माणूस तो. त्याने ती गोळी होती त्याच जागी, होती तशीच ठेवली.

"स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत झकास. "माझ्यात दूध घाला, अंकल." आणि बाहेर जाऊन उलट्या क्रेटवर आमच्याकडे पाठ करून बसला, ट्रक बघत.

मग काकांना खरंच आत जाऊन चहा करावा लागला. तिघांनी तो बाहेर बसून प्यायला. बॅरी येत्या वाऱ्याबद्दल बोलला, टौरंगाच्या किवीफ्रूटबद्दल बोलला, रिव्हॉल्व्हरची पेटी मांडीवर घेऊन त्याला तेल किती आणि कुठलं ते काकांना विचारून घेतलं. निघताना त्याने काकांचा हात हातात धरला तो जरा जास्तच वेळ धरला. एवढ्यावरच निभावलं.

त्याची गाडी गेल्यावर काका म्हणाले, "त्याला कळलं."

"हो."

"बोलणार नाही तो."

"नाही बोलणार."

उरलेले डबे आम्ही दुपारपर्यंत संपवले. दारू आणि चहा दोन्ही मागच्या लिंबाच्या झाडाखाली विखरून टाकली, पातळ, हाताने. शेवटचा डबा राहिला. त्यावर काकूंचं अक्षर नव्हतं. महिना काकांनी लिहिला होता, मे. मी तो ओढला तर त्यांनी झाकणावर हात ठेवला.

"हा घरी ने. तुझ्या कपाटात राहू दे. मी गेल्यावर फोड," ते म्हणाले. "टौरंगाला गेल्यावर म्हणतोय मी, घाबरू नकोस. आणि मी विचारल्याशिवाय सांगू नकोस."

ते टौरंगाला गेले. फोनवर बोलणं व्हायचं. नातवंडं मराठी समजतात पण उत्तर इंग्रजीत देतात, म्हणजे आवाज येतो पण गोळी लागत नाही, असं त्यांचं निदान होतं. जावई सुधारलाय म्हणाले, हल्ली दोनात एकदा उडतो. समुद्राचा आवाज कानाला त्रास देतो म्हणून ते किनाऱ्यावर लाल मफ घालून फिरायला जायचे, आणि लोक वळून बघतात असं केतकीने सांगितलं. डब्याचं नाव मात्र काढत नसत.

मी तो एका रविवारी फोडला होता. एकेक करून, सगळा. पितळ घासून चकचकीत केलेलं, गोळ्या अगदी सरळ बसवलेल्या, एकही वाकडी नाही. आत काही नव्हतं. दारू नव्हती, चहा नव्हता. मी प्रत्येक वेळी रिकामं पारडं तराजूवर ठेवून बघितलं, कारण काकूंच्या टेबलावर तशी पद्धत होती.

काका वारले त्याच्या दोन आठवडे आधी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. बॅरीच्या गुडघ्याची चौकशी झाली. 

"फोडलास का रे तो?"

"फोडला."

"वजन केलंस?"

"प्रत्येकाचं."

"मग?"

"एकसारखं, काका. सगळ्यांचं. तसूभर फरक नाही."

"नसणारच," काका म्हणाले, आणि जेवायला हाक आली म्हणून त्यांनी फोन ठेवला.